एकच भिंग घ्यायचे तर कोणते?



गेल्या वर्षी आपल्या शाळेच्या मराठीच्या बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभ संध्याकाळी सभागृहात झाला. शाळेचा कॅमेरा आमच्या, म्हणजे विज्ञान मंडळाच्या ताब्यात असतो, त्यामुळे फोटो काढण्याचे कामही आमच्याकडेच होते. आम्ही शंभराच्या वर फोटो काढले, संगणकात उतरवून ठेवले आणि नेहमीप्रमाणे पुन्हा उघडून पाहिले नाहीत.

यंदा आषाढात बाई गेल्या. ग्रंथालयात त्यांची तसबीर लावावी असे विश्वस्त मंडळाने ठरवले आणि आमच्याकडे चांगला फोटो मागितला. तेव्हा कुठे आम्ही ते फोटो नीट पाहिले. बाई बोलताहेत असा एकही फोटो मोठा करण्यासारखा नव्हता. एकात हार स्पष्ट आहे, चेहरा पुसट. दुसऱ्यात मागचा फळा स्पष्ट आहे आणि बोलताना उंचावलेला बाईंचा हात म्हणजे नुसता पांढरा पट्टा. मुलांनी बाईंना घेरले होते तो फोटो तर पाहवत नाही. याचा दोष आमचाच, हे आधीच सांगून टाकतो.

विश्वस्तांनी आम्हाला बोल लावला नाही. उलट, शाळेसाठी एक चांगले भिंग घ्यायला पैसे मंजूर केले आणि एवढेच विचारले, की एकच भिंग घ्यायचे असेल तर कोणते घ्यावे? व्यक्तिचित्र, समारंभ, स्नेहसंमेलन, बक्षीस वितरण, सगळ्याला चालेल असे. उत्तर द्यायला आम्हाला दोन महिने लागले. नववी-दहावीची मुलेही यात होती. जे समजले ते येथे लिहीत आहोत, कारण घरात लग्न आहे, कॅमेरा घेतला आहे, आता भिंग कोणते, असे विचारणारे पालकही पुष्कळ भेटतात.

प्रथम चूक कोठे झाली ते पाहू. डिजिटल फोटोबरोबर त्याची माहितीही साठवलेली असते. बाईंच्या फोटोंत ती अशी होती : भिंगाचे नाभीय अंतर ५५ मि.मी., छिद्र एफ ५.६, आयएसओ १६००, शटर एक दशांश सेकंद. एक दशांश सेकंदात बोलणारा माणूस मान हलवतो, हात हलवतो, फोटो काढणाऱ्याचा हातही कापतो. कॅमेऱ्याने हे हौसेने केले नव्हते. उजेडच एवढा कमी होता, की शटर तितका वेळ उघडे ठेवण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते.

आपल्याला तर सभागृह चांगले उजळलेले वाटते. ही डोळ्यांची करामत आहे. भर दुपारी उघड्या मैदानावर सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. ट्यूबलाइट लावलेल्या साध्या सभागृहात व्यासपीठावर तो शंभर लक्सच्या आसपास, कधी त्याहूनही कमी असतो. म्हणजे हजारपट फरक. डोळा तो सांभाळून घेतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. कॅमेऱ्याला मात्र त्याचा हिशोब द्यावा लागतो.

हा हिशोब दहावीच्या मुलांना सहज जमेल. भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की एफ अंक मिळतो. ५० मि.मी. भिंगाचे छिद्र २५ मि.मी. रुंद असेल तर एफ २. छिद्र मोठे तर अंक लहान. नवशिक्यांचा गोंधळ येथेच होतो, कारण अंक वाढला म्हणजे उजेड वाढला असे वाटते, आणि घडते उलटे. शिवाय उजेड व्यासाच्या नव्हे, क्षेत्रफळाच्या प्रमाणात आत येतो, म्हणून अंकांचा वर्ग करावा लागतो. १.४, २, २.८, ४, ५.६, ८ ही मालिका भिंगावर दिसते. तिच्यात प्रत्येक पायरीला २ च्या वर्गमुळाने गुणलेले असते, म्हणून प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतो.

आता आपल्या फोटोकडे वळू. एफ ५.६ ऐवजी एफ २.८ चे भिंग असते तर ५.६ भागिले २.८ म्हणजे २, आणि २ चा वर्ग ४. चौपट उजेड. शटर एक दशांशाऐवजी एक चाळीसांश सेकंद झाले असते. एफ १.८ असते तर उत्तर जवळजवळ दहा येते, म्हणजे एक शतांश सेकंद. त्याच कॅमेऱ्याने, त्याच सभागृहात, त्याच ट्यूबलाइटखाली बाईंचा चेहरा स्वच्छ आला असता. हे गणित फळ्यावर सुटले तेव्हा वर्गात थोडा वेळ कोणी बोलले नाही.

छिद्राचे हे महत्त्व आजचे नाही. १८३९ मध्ये दागेरने आपली फोटोची रीत जाहीर केली, तेव्हाच्या भिंगांचे छिद्र सुमारे एफ १५ असे. माणसाचा फोटो काढायचा तर त्याला उन्हात कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे, मान हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार लावत. व्हिएन्ना येथील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झवाल यांनी १८४० मध्ये आकडेमोड करून खास व्यक्तिचित्रांसाठी एफ ३.६ चे भिंग आखले आणि फोइग्टलेंडर कंपनीने ते बनवले. (ही आकडेमोड करायला त्यांना ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातले हिशेबात तयार जवान मदतीला दिले होते, असे सांगतात. तोफांचे गणित करणाऱ्यांनी चेहऱ्याचे गणित केले!) १५ ला ३.६ ने भागून वर्ग करा, सतरापट उजेड येतो. मिनिटांचे काम सेकंदांवर आले आणि गावोगाव स्टुडिओ निघू लागले. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तिच्या सुरुवातीच्या हिंदी छायाचित्रकारांत भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. पुढे दादासाहेब फाळके यांनी चित्रपटाकडे वळण्यापूर्वी बडोद्याला फोटोचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो अशी भीती लोकांत होती. तसा काही प्रकार नसतो, हे आमच्या कॅमेऱ्याने सिद्ध केलेच आहे. त्याने बाईंचे काहीच ओढून घेतले नाही.

मग प्रश्न सुटला का? एफ १.८ चे ५० मि.मी. भिंग आणावे आणि मोकळे व्हावे. ते दहा-पंधरा हजारांत मिळते, हलके असते, आणि त्यातून काढलेला चेहरा फार सुरेख येतो. आम्हीही प्रथम असेच म्हटले. एका पालकांकडून तसे भिंग दोन दिवसांसाठी मागून आणले आणि सातवीच्या वर्गात गेलो. तेथे अडचण कळली. वर्गाच्या मागच्या भिंतीला पाठ टेकली तरी चौकटीत मोजकीच मुले मावत होती.

हेही साधे समरूप त्रिकोणांचे गणित आहे. आपल्या शाळेच्या कॅमेऱ्यातला सेन्सर सुमारे २४ मि.मी. रुंद आहे. ५० मि.मी. भिंगाने ३ मीटर अंतरावर दिसणारी रुंदी म्हणजे ३ गुणिले २४ भागिले ५०, साधारण दीड मीटर. दोन माणसे शेजारी उभी राहतील एवढीच. सहा मीटर लांब रांगेचा फोटो काढायचा तर साडेबारा मीटर मागे जावे लागेल. एवढे मागे गेलो तर आपण व्हरांड्यातून थेट मैदानात पोहोचू. तेच १८ मि.मी. भिंग असेल तर ३ मीटरवरूनच चार मीटर रुंदी मिळते.

मग नेहमी १८ मि.मी.च का वापरू नये? कारण त्याने एकट्याचा चेहरा भरून घ्यायचा तर फार जवळ जावे लागते, आणि जवळ गेले की चेहरा बिघडतो. मोबाइलवर हात लांब करून स्वतःचा फोटो काढला की नाक मोठे दिसते, हे सर्वांनी पाहिले आहे. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत सुमारे १० सें.मी. अंतर धरा. कॅमेरा नाकापासून ४० सें.मी.वर असेल तर कान ५० सें.मी.वर, म्हणून नाक कानाच्या मानाने सव्वापट मोठे उमटते. कॅमेरा २ मीटरवर नेला तर हा फरक फक्त पाच टक्के उरतो. म्हणजे चेहऱ्याचा आकार भिंग ठरवत नाही, अंतर ठरवते. दीड-दोन मीटरवर उभे राहून चेहरा चौकटीत भरावा म्हणून लांब नाभीय अंतर लागते, इतकेच. मोठ्या, ३६ मि.मी. रुंद सेन्सरच्या कॅमेऱ्यावर यासाठी ८५ ते १०५ मि.मी. भिंग वापरतात. आपल्यासारख्या लहान सेन्सरवर ५० मि.मी. भिंग साधारण ७५-८० मि.मी.सारखे वागते, म्हणून त्यावर चेहरे चांगले येतात.

थोडक्यात, वर्गात रुंद हवे, चेहऱ्याला लांब हवे, आणि सभागृहात छिद्र मोठे हवे. येथे आमचे घोडे अडले.

आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याचा हुबळीत लग्नाच्या फोटोंचा व्यवसाय आहे. त्याला बोलावले. त्याने आमची सगळी गणिते शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, “सर, तुम्ही सगळे बरोबर सांगताय. पण तुम्ही कधी मांडवात उभे राहून फोटो काढलेत का?”

त्याने सांगितलेले असे. मंगलाष्टके चालू असतात तोवर नवरा-नवरीमध्ये अंतरपाट असतो, तेव्हा निवांतपणा असतो. शेवटचे ‘सावधान’ झाले, अंतरपाट बाजूला झाला, की चहूकडून अक्षता येतात, वाजंत्री सुरू होते, हार पडतात. सारे काही सेकंदांचे काम. तेवढ्यात नवरीचा चेहरा टिपायचा, लगेच दोघे हारांसह, आणि लगेच अख्खा मांडव. “भिंग बदलत बसलो तर तोवर नवरी सासरी पोहोचलेली असेल, सर. आणि उघड्या कॅमेऱ्यात अक्षता, हळद, होमाचा धूर जाईल ते वेगळेच.” लोक चार दिशांनी पुढे येतात, मामा मध्ये उभे राहतात, फोटोग्राफरला दोन पावलेही मागे सरकता येत नाही. म्हणून पाय हलत नाहीत तेथे झूम हवे. पण झूम असे हवे, की पुढेमागे केले तरी छिद्र एफ २.८ च राहील.

‘छिद्र तेच राहील’ याचा अर्थ समजून घेतला पाहिजे. कॅमेऱ्याबरोबर जे भिंग फुकट आल्यासारखे मिळते, त्यावर १८–५५ आणि ३.५–५.६ असे लिहिलेले असते. रुंद टोकाला एफ ३.५ मिळतो, पण चेहऱ्यासाठी लांब टोकाला गेलो की एफ ५.६ होतो. म्हणजे नेमका जेथे उजेड हवा तेथे तो कमी. बाईंच्या फोटोंत हेच झाले. आम्ही दूर बसलो होतो, झूम टोकाला नेले होते आणि दोन्ही बाजूंनी मार खाल्ला.

मजेची गोष्ट ही, की स्थिर फोटोच्या ३५ मि.मी. कॅमेऱ्यासाठी निघालेले पहिले झूम भिंग, १९५९ चे झूमार, ३६ ते ८२ मि.मी. आणि एफ २.८ असेच होते. आणि ते बाजारात आणणारी कंपनी तीच, पेट्झवालचे भिंग बनवणारी फोइग्टलेंडर! आज मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर लग्नाचे फोटोग्राफर २४–७० एफ २.८ वापरतात, ते याच वळणाचे. कॅमेरा कंपन्यांचे स्वतःचे नवे २४–७० घ्यायचे तर दीड-दोन लाखांची गोष्ट होते. लहान सेन्सरसाठी तेच काम १७–५० किंवा १८–५० एफ २.८ करते आणि ते त्यापेक्षा बरेच स्वस्त असते.

विश्वस्तांच्या बैठकीत एक सूचना आली, की १८–३०० चे भिंग घ्यावे, म्हणजे क्रीडांगणापासून सभागृहापर्यंत सगळेच भागेल. सूचना वाजवी होती. पण त्या भिंगाचे छिद्र लांब टोकाला एफ ६.३ असते. एफ २.८ शी तुलना केली तर पाचपट उजेड कमी. मैदानावरच्या शर्यतींना ते उत्तम. सभागृहात मात्र बाईंच्या फोटोंचीच पुनरावृत्ती झाली असती. आमच्या मते आधी उजेड पाहावा, आवाका नंतर. ज्या शाळेचे बहुतेक कार्यक्रम छताखाली होतात तिने तरी.

फ्लॅश का वापरत नाही, असेही विचारले गेले. वापरावा, विशेषतः दोन-तीन रांगांच्या समूहचित्राला. तेथे छिद्र एफ ५.६ वर आणावेच लागते, नाहीतर पुढची रांग स्पष्ट आणि मागची धूसर येते. २ मीटरवरून ५० मि.मी. भिंगाने एफ १.८ वर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ११ सें.मी. खोल असतो, एफ २.८ वर १७ सें.मी. डोळे स्पष्ट आले की पुरे म्हणायचे. फ्लॅश छताकडे वळवून उजेड खाली पाडण्याची युक्ती चांगली आहे, पण मांडवाचे कापड लाल-पिवळे असेल तर पाहुणे कावीळ झाल्यासारखे दिसतात.

आणि काही ठिकाणी फ्लॅश चालतच नाही. आपण हुबळी-धारवाडचे लोक, गाण्याच्या गावचे. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर (१८८६–१९५२) येथून जवळच्या कुंदगोळचे. मराठी संगीत रंगभूमीही त्यांनी गाजवली. कुंदगोळच्या नाडगीर वाड्यात त्यांच्या स्मरणार्थ गाण्याचा उत्सव होतो. गंगूबाई हनगल (१९१३–२००९) हुबळीच्या, मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०–१९९२) धारवाडचे. अशा बैठकीत गायक डोळे मिटून आलापी करत असताना कोणी फ्लॅश मारला, तर त्याच्याकडे श्रोते कसे पाहतील हे सांगायला नको. तेथे मोठे छिद्र आणि पुढची जागा, या दोनच गोष्टी उपयोगी. घरगुती बैठकीत तीन मीटरवर बसायला मिळाले तर ५० मि.मी. पुरते. मोठ्या सभागृहात पंधराव्या रांगेतून आमचे शिफारस केलेले भिंग काही करू शकणार नाही, हेही कबूल करतो. त्याला ७०–२०० लागते आणि तो खर्च शाळेने करू नये. समईच्या उजेडातही फोटो निघतात, पण त्याला सीमा आहे. ‘बॅरी लिंडन’ (१९७५) या चित्रपटात मेणबत्त्यांच्या प्रकाशातले प्रसंग टिपायला दिग्दर्शक कुब्रिक यांनी नासासाठी बनवलेले झाइसचे एफ ०.७ चे भिंग वापरले होते. आपले अंदाजपत्रक तेथवर जात नाही.

मोबाइलबद्दल दोन शब्द. मोबाइलच्या मुख्य भिंगावरही एफ १.८ लिहिलेले असते, मग कॅमेरा कशाला? अंक तोच असला तरी मोबाइलचा सेन्सर फार लहान. चांगल्या महाग मोबाइलचाही तो आपल्या कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास भरतो, म्हणून एकूण जमा होणारा उजेड कमी. मोबाइल एकामागून एक फोटो घेऊन ते एकत्र करतो आणि ही उणीव झाकतो. माणूस स्थिर असेल तर फार छान जमते. स्नेहसंमेलनातल्या लेझीमला जमत नाही.

शेवटी आम्ही १७–५० एफ २.८ हे भिंग घेतले, तेही वापरलेले. सध्या बरेच फोटोग्राफर आरशाच्या कॅमेऱ्यावरून मिररलेसकडे वळले आहेत, म्हणून जुनी चांगली भिंगे कमी किमतीत निघतात. पण वापरलेले भिंग घेताना एक गोष्ट अवश्य पाहावी. आपल्याकडचा पाऊस, त्यातून धारवाडचा! बंद पिशवीत दोन पावसाळे राहिलेल्या भिंगात बुरशी धरते. एका बाजूने विजेरीचा उजेड टाकून दुसऱ्या बाजूने पाहिले की कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात. आम्ही पाहिलेल्या पहिल्याच भिंगात ते दिसले आणि विकणाऱ्याला नमस्कार करून परत आलो. घेतलेले भिंग आता हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो. भिंग आपल्या कॅमेऱ्याला बसते का, आणि बसले तरी फोकस आपोआप होतो का, हेही दुकानातच तपासावे. निकॉनच्या साध्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, म्हणून जुनी काही भिंगे बसतात पण फोकस हाताने करावा लागतो. भिंगातली कंपरोधक सोय चांगलीच, मात्र ती आपल्या हाताचा कंप थांबवते, नाचणाऱ्या मुलाचा नव्हे.

पहिली चाचणी शिक्षकदिनी घेतली. त्याच सभागृहात, एफ २.८, आयएसओ ३२००, शटर एक ऐंशीवांश सेकंद. चेहरे स्वच्छ आले. काही फोटोंवर आडवे फिकट पट्टे मात्र उमटले. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात, आणि शटर त्या तालात नसेल तर असे होते. एक शतांश किंवा एक पन्नासांश ठेवले की पट्टे जातात. हे एका नववीतल्या विद्यार्थिनीने शोधून काढले, आम्ही नव्हे.

राहिली ग्रंथालयातली तसबीर. हे सर्व बोलणे चालू असताना त्या माजी विद्यार्थ्याला आठवले, की धारवाडला आपल्याच शाळेच्या एका मुलीच्या लग्नाचे फोटो त्याने काढले होते आणि बाई त्या लग्नाला आल्या होत्या. त्याने जुनी डिस्क शोधली. अंतरपाट नुकताच बाजूला झाला आहे, बाई उजव्या कडेला उभ्या आहेत, मुठीतल्या अक्षता अर्ध्या उधळलेल्या, आणि त्या हसताहेत. माहिती पाहिली : ७० मि.मी., एफ २.८, शटर एकशे पंचविसांश सेकंद. नवरा-नवरीच्या आईवडिलांची परवानगी घेऊन त्यातला बाईंचा भाग मोठा करायला दिला आहे. दिवाळीच्या सुटीनंतर तो ग्रंथालयात लागेल. भिंग कपाटात आहे, ज्यांना शिकायचे आहे त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर विज्ञान कक्षात यावे.